वाऱ्याची दोन उत्तरं

जूनचा पहिला आठवडा आला की आमच्या घरच्या ग्रुपवर बाणांचे नकाशे यायला लागतात. पाठवणारा माझा भाचा विनायक. वेंगुर्ल्याला त्याच्या दोन होड्या आहेत, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द शेवटचा. निळा अरबी समुद्र, त्यावर मुंग्यांच्या रांगांसारखे वाऱ्याचे बाण, आफ्रिकेकडून निघून केरळकडे वळणारे, आणि खाली विनायकचा मजकूर, 'मावशे, इलो गो इलो!' मग सगळे जण हात जोडल्याची चित्रं टाकतात. मी चष्मा शोधते, नकाशा दोन बोटांनी ताणून मोठा करते आणि एकेक बाण बघत बसते. मुलगी हसते. 'आई, तो कॉम्प्युटरने काढलाय. तुला तपासायला नाही दिलेला.'

दिला होता, बाई. एके काळी मलाच दिला होता. आता सगळं यंत्रं ठरवतात. तेव्हा आम्ही दोघी ठरवायचो, एक लाल पेन्सिल आणि एक निळी पेन्सिल घेऊन, समुद्रापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, म्हणजे चंदीगडला. त्या एका पावसाळ्याबद्दल मी कुणाशी फारशी बोलत नाही. पण ते बाण दिसले की तो आठवतोच.

नव्वदच्या दशकाची अगदी सुरुवात होती. माझा नवरा श्रीकांत हवाई दलात स्क्वाड्रन लीडर. बदली चंदीगडला झाली तेव्हा आईने फोनवर एवढंच विचारलं, 'दुसरीकडे कुठे देत नाहीत का गो?' पंजाब तेव्हा जळत होता असं आपण आता सहज म्हणून जातो. जळताना मात्र काही दिसायचं नाही, भीती होती ती त्याचीच. एवढं नीटनेटकं शहर, सरळ रस्ते, दुतर्फा अमलताशाची, म्हणजे आपल्या बहाव्याची झाडं, जूनमध्ये पिवळ्या घोसांनी लगडलेली. आणि त्या झाडाखाली गोलचक्करापाशी वाळूची पोती रचलेली, पोत्यांच्या फटीतून बंदुकीची नळी बाहेर. नळीच्या मागे कुणीतरी असणार, पण तोंड दिसायचं नाही. रोज सकाळी पेपरात पहिल्या पानावर काल कुठे किती गेले ते असायचं. आधी आम्ही नावं वाचायचो, मग नुसती गावं वाचायला लागलो, आणि मग सरळ मधलं पान उघडायला लागलो. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मी म्हणते, सवय होते तेव्हाच घाबरावं.

क्वार्टर मिळेपर्यंत सेक्टर २२ मध्ये आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बसस्टँड जवळ, खाली छोल्यांचं दुकान, शेजारी स्वेटरचं. दिवसभर नुसता कलकलाट. पण दुपार कलली की तो एकदम ओसरायचा. लांबच्या गावांच्या बसेस उन्हं असतानाच निघून जायच्या, कारण उशिराच्या बसचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानदार एकमेकांकडे बघायचे, एक शटर खाली आलं की ओळीने सगळी यायची. त्या आवाजाने मी दचकायची. श्रीकांत म्हणायचा, 'अगं, शटर आहे.' मला माहीत असायचं शटर आहे ते. तरी दचकायची.

घरात बसून वेड लागेल म्हणून मी नोकरी शोधली. फिजिक्सची एम.एस्सी. होते, लग्नापासून ती ट्रंकेत पडली होती. इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्याला एका छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम निघालं होतं, त्यात लागले. प्रमुख होते भल्लासर, निवृत्तीला आलेले, काडीसारखे, कॉम्प्युटरच्या थंड खोलीत भर जूनमध्ये स्वेटर घालून बसणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, 'आप समंदर के किनारे की हैं?' मी मान ताठ करून हो म्हटलं. ते म्हणाले, 'तो पहले वो सब भूल जाइए.'

काम असं होतं. एक उपग्रह नुकताच वर गेला होता. तो समुद्रावरून जाताना खाली रडारचा झोत टाकायचा आणि परत किती आलं ते मोजायचा. पाणी आरशासारखं स्तब्ध असेल तर झोत दुसरीकडेच निसटून जातो, परत काही येत नाही. वाऱ्याने पाण्यावर शिरशिरी उठली की थोडं परत येतं. वारा जोराचा असेल तर जास्त. गंमत म्हणजे या यंत्राला मोठ्या लाटांशी काही देणंघेणं नव्हतं, ते बघायचं बोटभर लांबीच्या बारीक लहरींकडे. मोठ्या लाटांसाठी दुसरं यंत्र होतं. ते सरळ खाली टाळी वाजवल्यासारखा एक ठोका टाकायचं. समुद्र शांत असेल तर ठोका जसाच्या तसा परत यायचा, लाटा उंच असतील तर फाटून, पसरून यायचा. ठोका किती फाटला त्यावरून लाटेची उंची. मी आयुष्यभर समुद्राकाठी वाढले, पण समुद्र असा आभाळातून बोटाने चाचपता येतो हे मला त्या गावात कळलं, जिथे पाणी म्हणून एक सुखना तलाव तेवढा होता.

वाऱ्याचा वेग नीट निघायचा. घोळ दिशेचा होता. उपग्रह एकाच पाण्याकडे तीन बाजूंनी बघायचा, तरी गणित सोडवलं की बहुतेक वेळा दोन उत्तरं यायची, आणि ती एकमेकांच्या बरोबर उलट. वारा नैऋत्येकडून येतोय, किंवा ईशान्येकडून येतोय. पाण्यावरची शिरशिरी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. खरं एकच असतं, पण यंत्राला ते कळत नाही. मग माणूस लागतो.

ती माणसं आम्ही. मी आणि जसबीर कौर.

जसबीर माझ्याच वयाची, चंदीगडबाहेरच्या खरड गावाच्या पुढच्या एका खेड्यातून रोज बसने यायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ओढणी खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवायची, नाहीतर ती प्रिंटरमध्ये जाते म्हणे. भल्लासरांची पद्धत होती की लांबच लांब घडीच्या कागदावर छापलेले बाण दोघींनी वेगवेगळे बसून ठरवायचे. ती निळ्याने, मी लालने. एकमेकींचं बघायचं नाही. मग कागद जोडून बघायचे. दोन्ही रंग एका बाजूला पडले तर नक्की. नाही पडले तर शेजारच्या चौकोनांकडे बघायचं, जहाजांच्या नोंदी बघायच्या. तरीही कळलं नाही तर त्या जागी गोल काढून सोडून द्यायचं. 'जो पता नहीं, वो पता नहीं लिखो,' भल्लासर दिवसातून दहादा म्हणायचे.

मला तो गोल काढायचा भारी कंटाळा. अर्धवट कागद दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा. शेजारच्या सगळ्या चौकोनांत वारा एकीकडे वाहतोय, मग हा एकटा कशाला उलटा वाहील? दे त्याच बाजूला, काम उरक. जसबीर तसं करायची नाही. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि तरी माझ्यापेक्षा तिचंच जास्त वेळा बरोबर निघायचं. मी चिडले की म्हणायची, 'वसु, तूने कभी गेहूं उड़ाया है? सारे खेत में हवा एक तरफ़ की होती है, और जहां तू छाज लेके खड़ी है, वहीं पे मुंह पे भूसा आता है.' सूप धरून गहू उफणणारी बाई मला वेंगुर्ल्याच्या समुद्रावरचा वारा शिकवत होती. कर्म माझं!

तिचा नवरा गावच्या शाळेत गणित शिकवायचा. नाव सुखदेव, पण तीही त्याला मास्टरजीच म्हणायची. त्याला या कामाचं भलतंच वेड लागलं होतं. दर सोमवारी जसबीर त्याचा एक प्रश्न घेऊन यायची, वहीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेला. समुद्राच्या मध्यावर पाण्याचा रंग कोणता असतो? लाट किनाऱ्यावर फुटते, मग ते पाणी परत जातं ते वरून की खालून? मीठ असूनही ढगातलं पाणी गोड कसं? मी मागच्या बाजूला उत्तर लिहून द्यायची, आणि ते उत्तर म्हणे आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं जायचं. एकदाच भेटले मी त्याला, बसस्टँडवर. जाड भिंगांचा चष्मा, सायकलला पिशवी. मला नमस्कार करून म्हणाला, 'मैडम जी, एक बार बच्चों को दिखाना है. पक्का.' समुद्र म्हणजे जणू एखादं प्रदर्शन, सेक्टर १७ मध्ये लागलेलं.

आम्ही जे बाण काढत होतो ते त्या वर्षीच्या वाऱ्याचे नव्हते, हे सांगायचं राहिलं. टेपा परदेशातून यायच्या, महिनोनमहिने उशिरा. चंदीगडच्या खिडकीबाहेर उन्हाळ्याची गरम लू वाहत असायची आणि आमच्यासमोर मागच्या वर्षीचा पावसाळा पसरलेला असायचा. समुद्रात एखादं वादळ तयार होताना आम्ही कागदावर बघायचो. आज बाण थोडे वाकलेत, उद्या वळलेत, परवा गोल फिरायला लागलेत, लाटांची उंची दुप्पट. आणि आम्हाला माहीत असायचं की हे सगळं होऊन गेलंय. खाली जे कुणी असतील त्यांचं जे व्हायचं ते झालंय. एकदा जसबीरने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, 'इसमें कोई होगा, वसु? इतनी ऊंची लहर में?' मी म्हटलं, असेल. तिने त्या गोल फिरणाऱ्या बाणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, 'ऊपर वाला देख रहा था, और बताया किसी को नहीं.' ती उपग्रहाबद्दल बोलत होती की दुसऱ्या कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

जुलै लागला. चंदीगडचा पाऊस कोकणच्या पावसासारखा नाही, तो ठरवून आल्यासारखा येतो, तासभर पडतो आणि मग नुसती वाफ. त्या वाफेत एका गुरुवारी जसबीर आली नाही. शुक्रवारीही आली नाही. शनिवारी भल्लासरांनी मला आत बोलावून दार लावलं आणि सांगितलं. मास्टरजी गुरुवारी सकाळी पहिल्याच बसने शाळेसाठी भूमितीचं सामान घ्यायला शहराकडे निघाले होते. खरडच्या अलीकडे बस थांबवली. एक जीप उभी होती, तिच्यापाशी चार माणसं. त्यांनी आत चढून एक फेरी मारली, मास्टरजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरवलं. बस पुढे गेली. बसमधल्या कुणीही मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी त्या बसमध्ये असते तर मीही पाहिलं नसतं.

ती माणसं कोण होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसांत याला दोनच उत्तरं असायची. एक तर सरकारी लोकांनी उचललं, अतिरेक्यांना मदत करतो या संशयावरून. नाहीतर अतिरेक्यांनी उचललं, सरकारला बातम्या देतो या संशयावरून. एकमेकांच्या बरोबर उलट, आणि बसच्या खिडकीतून दोन्ही अगदी सारखंच दिसणारं. मला ते ऐकताक्षणीच आमचे कागद आठवले आणि स्वतःचीच शिसारी आली. एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हिला बाण सुचतायत.

त्या आठवड्यात मी एक गाढवपणा केला. जसबीर नव्हती, कागद तुंबत होते, एका टेपचं काम सोमवारी पाठवायचं होतं. मी लाल पेन्सिलीने बाण काढले, मग तिच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि निळ्याने पण मीच काढले. चारदोन ठिकाणी मुद्दाम वेगळे काढले, खरं वाटावं म्हणून. भल्लासरांनी पाच मिनिटांत ओळखलं. जसबीर निळी पेन्सिल दाबून धरते, मागच्या बाजूला उमटतं. माझी रेघ हलकी होती. ते ओरडले नाहीत. कागदांचा तो सगळा गठ्ठा त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, 'ग़लत जवाब से मुझे डर नहीं लगता, बेटा. गवाह जब एक हो और दो बनके बोले, उससे लगता है.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अपमान झाला म्हणून रडले, समजलं म्हणून नाही.

पुढच्या बुधवारी जसबीर आली. अंग निम्मं झालं होतं. ओढणी खुर्चीला बांधायची ती विसरली. दुपारी डबे उघडले, तिने तिचा तसाच झाकला आणि माझा हात धरला.

'वर्दी थी,' ती म्हणाली. 'ड्राइवर ने देखा. पर वर्दी तो आजकल दोनों के पास है.'

मी माझाही डबा झाकला.

'बापूजी रोज़ थाने के बाहर बैठते हैं. सुबह से शाम. कोई बोलता नहीं, है या नहीं है.' बापूजी म्हणजे तिचे सासरे. 'वसु, तेरे साहब अफ़सर हैं. अफ़सर अफ़सर को तो बता देते हैं. छुड़ाने को नहीं बोल रही. बस इतना पूछ लें, उनके पास हैं कि नहीं. इतना पता लग जाए तो हम किधर ढूंढें, ये तो पता चले.'

मी म्हटलं, 'पूछती हूं. आज ही.' आणि तेव्हा ते खरं होतं, देवाशप्पथ खरं होतं.

घरी जाताना मनात सगळी जुळवाजुळव केली होती. पण जिन्यातच नागपूरच्या देशपांडेवहिनी भेटल्या. त्यांचे मिस्टर सैन्यात मेजर, आमच्याच मजल्यावर राहायचे. मी नाव न घेता बोलले, तरी त्यांना कळलंच. 'काय करून राहिली तू, वसुधा?' त्या हळू आवाजात म्हणाल्या. 'उद्या फाइलीत लिहिलं जाईल, यांच्या मिसेसचं अशा अशा लोकांकडे जाणं-येणं आहे. श्रीकांतभाऊंचं प्रमोशन आहे ना यंदा? आणि काही असल्याशिवाय कोणी कोणाला उचलतं का गं?' मी म्हटलं, 'छे हो, मास्टर आहे तो साधा.' त्या म्हणाल्या, 'सगळे साधेच असतात.'

आता खरं सांगते. ते शेवटचं वाक्य माझ्यात शिरलं आणि तिथेच राहिलं. श्रीकांत घरी आला, थकलेला होता. मी उद्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत उद्या. मला प्रमोशनची भीती होती, फाइलीची होती, हे कबूल. पण त्याहून वाईट म्हणजे मी आठवायला लागले की तो माणूस समुद्राबद्दल इतके प्रश्न का विचारत होता. उपग्रहाबद्दल का विचारत होता. जाड भिंगांचा तो बिचारा मास्तर, आठवीच्या मुलांसाठी कागदावर बारीक अक्षरात लिहिणारा! शेजारचे सगळे बाण एका बाजूला होते आणि मी हाही त्याच बाजूला वळवत होते. अशी मी.

जसबीरने एकदाही तगादा लावला नाही. नुसती बघायची. मी आले की पर्स ठेवेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायची, मग पेन्सिल उचलायची. पाच दिवस ते बघणं मी सहन केलं. सहाव्या दिवशी डबे उघडायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, 'पूछा उन्होंने. उनके पास नहीं हैं.'

का बोलले? ते बघणं थांबावं म्हणून. कागद पुरा व्हावा म्हणून. दुसरं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

तिने डोळे मिटले. माझे दोन्ही हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावले. मग म्हणाली, 'तो उधर हैं. उधर वालों से बात हो सकती है. गांव के बुज़ुर्ग हैं, कोई रिश्तेदारी निकल आती है.' तिच्या आवाजात जोर आला होता. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा ओढणी खुर्चीला बांधलेली. 'बापूजी को बोल दिया, थाने जाना छोड़ो. अब वो नदी की तरफ़ के गांवों में जा रहे हैं.' त्या गावांत अतिरेक्यांचा वावर असतो, असं सगळे म्हणायचे.

तिथे बोलता आलं असतं. त्या क्षणी, त्या खुर्चीपाशी, एका वाक्यात. 'जसबीर, मी विचारलंच नाही.' किती शब्द होतात? मी लाल पेन्सिलीला टोक काढत बसले.

म्हातारा ऑगस्टभर त्या गावांतून हिंडला. कुणी सांगितलं चार दिवसांनी या, कुणी सांगितलं असा माणूस आमच्याकडे आलाच नाही. आम्ही बाण काढत होतो. मागच्या वर्षीचा मॉन्सून कागदावर मंदावत चालला होता, बाण फिके पडत होते, गोल वाढत होते, कारण वारा कमी असला की दिशा अजिबातच कळत नाही. जसबीर आता हसायची नाही, पण तिचे बाण तसेच बरोबर निघायचे. मला ते बघवायचं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्या शेजारच्या गावचा एक जण सुटून आला. सरकारी कोठडीत होता जवळजवळ तीन महिने, कुठल्या ते त्यालाही नीट सांगता येईना, डोळे बांधून नेलं होतं. तो म्हणाला, पलीकडच्या खोलीत एक मास्तर होता. चष्मा काढून घेतला म्हणून भिंतीला हात लावत चालायचा. आणल्यापासून पंधरा दिवस त्याचा आवाज येत होता. मग एक दिवस यायचा बंद झाला.

पंधरा दिवस. मी बोटांवर मोजलं, टेबलाखाली हात धरून. जसबीरने मला विचारलं तो त्यातला सातवा होता. मी खोटं बोलले तो तेरावा.

हे सगळं तिनेच मला सांगितलं, डोळे कोरडे, सरळ समोर बघत. सांगून झाल्यावर माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 'तेरे साहब का क्या क़सूर. उनसे भी झूठ बोला होगा उन लोगों ने.' तिने माझी समजूत घातली. आणि मी ती घालू दिली.

आता कधी कधी रात्रंदिवस चालणाऱ्या बातम्यांत कुणी छातीठोकपणे सांगतं की अमका असा होता, तमका तसा होता, तेव्हा मी टीव्ही बंद करते. मुलीला वाटतं आईला बातम्या सोसत नाहीत. विनायकचे नकाशे मात्र बंद करता येत नाहीत. त्यातला प्रत्येक बाण ठासून सांगत असतो, वारा इकडूनच आहे. मला विचारावंसं वाटतं, कुणी सांगितलं तुला?

ऑक्टोबरात श्रीकांतची बदली आली, प्रमोशनसह. जायच्या आदल्या दिवशी दुपारी भल्लासरांनी प्रयोगशाळेतच चहा ठेवला. सामोसे आणले, एक पेनचा डबा भेट दिला. मला न्यायला श्रीकांत आला, त्यालाही बसवून घेतलं. जसबीर कोपऱ्यात कप भरत होती. ती हात पुसत पुढे आली, डोक्यावर ओढणी घेतली आणि त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. मला उठायचं होतं. मी बशी हातात धरून बसूनच राहिले.

'भाईसाहब,' ती म्हणाली, 'आपने हमारे लिए पूछा था. आपकी नौकरी का सवाल था, फिर भी पूछा. मैं भूलूंगी नहीं.'

श्रीकांत गोंधळला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 'मैंने? सॉरी जी, मैंने क्या पूछा था?'

जसबीरने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. कप खाली ठेवायला लागतो तेवढाच. पण त्या तेवढ्यात तिने तेरावा दिवस पाहिला, थाना सोडून नदीकडे चाललेला तिचा सासरा पाहिला, सगळं पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडायला हवी होती ती. माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

ती श्रीकांतकडे वळली. 'वही जी, ट्रांसफर का,' ती म्हणाली. 'वसु कह रही थी आपने ऊपर पूछा था, दो महीने रुक सकते हैं क्या. हमारे काम के लिए.'

'अच्छा, अच्छा, वो,' श्रीकांत सभ्यपणे हसला. तिने माझ्या बशीत एक सामोसा ठेवला आणि कप गोळा करायला निघून गेली. मी निघताना ती तिथे नव्हती. मी तिला कधीच पत्र लिहिलं नाही.

स्कूटरवर मी मागे बसले होते. अमलताशाला आता नुसत्या काळ्या शेंगा लोंबत होत्या. वाळूच्या पोत्यांपाशी आम्हाला थांबवलं, श्रीकांतने ओळखपत्र दाखवलं, त्यांनी सलाम ठोकून सोडलं. थोडं पुढे गेल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, 'बदली थांबवायचं मी कुणाला कधी विचारलं गं? काय होतं ते?'

मग मी सांगितलं. चालत्या स्कूटरवर, त्याच्या पाठीला तोंड लावून, पहिल्यापासून सगळं. त्याने स्कूटर कडेला घेतली, बंद केली, आणि दोन्ही पाय टेकून तसाच बसून राहिला. मला वाटलं तो म्हणेल, बरं केलंस, त्यात पडली नाहीस ते. ते ऐकायची माझी तयारी होती. कदाचित तेच हवं होतं मला.

'जुलैभर विमानतळाच्या बंदोबस्ताची बैठक असायची दर मंगळवारी,' तो म्हणाला. 'पोलिसांचे ते सगळे अधिकारी माझ्या समोर बसायचे, वसू. चहा पिता पिता विचारलं असतं.'